चिमाऊ पाटलिणीचे वावर

ही हकीकत कोणाला खरी वाटणार नाही. देवळाच्या उंबऱ्यावर हात ठेवून सांगितली तरी वाटणार नाही, आणि म्हणूनच ती कसबे निंबखारीत अजून टिकून आहे.

पावसाने पाठ फिरवलेल्या भाद्रपदातली ती पहाट. निंबखारीच्या गढीवर तांबडे फुटते न फुटते तोच वेशीपुढे सरदार रंभाजीराव काळोख्यांच्या बेसुमार स्वारांची धूळ उठली, आणि त्या धुळीत, सरदाराच्या हत्तीशेजारी, आपल्याच गावचा चौगुला, पाटलांच्या हाताखालचा कारभारी म्हाळोजी चालताना पाहून चिमाऊ पाटलिणीच्या काळजात चर्र झाले. पाटील नुकतेच लढाईत पडलेले. कारभार तिच्या हाती. रब्बीच्या पेरणीचे अवघ्या गावाचे बियाणे जमिनीखालच्या एका पेवात होते. ती जागा तिच्याखेरीज एकट्या म्हाळोजीला ठाऊक, आणि पाटीलकीच्या वचनावर तो ती विकून बसला होता.

"पाटलीणबाई," अंबारीतून सरदार गरजले, "पेव उघडा. आम्ही झाडून नेणार!"

"झाडून?" म्हाळोजी दचकला. "सरकार, निम्मे ठरले होते..."

"तुला पाटीलकी हवी होती ना? घे की! ओस गावाची पाटीलकीही पाटीलकीच."

स्वार खदखदले. चौगुल्याचे तोंड राखेसारखे झालेले चिमाऊने पाहिले. पदर खोचून ती वेशीबाहेर आली आणि आपल्या वावराच्या बांधावर आडवी उभी राहिली. वावरात पाण्याविना खुंटलेली, गुडघाभर ज्वारी होती. तसली ज्वारी जनावराच्या पोटात गेली की विष होते, हे निंबखारीत शेंबड्या पोरालाही कळे; दूरदेशीच्या भुकेल्या रिसाल्याला हिरवे तेवढे दिसत होते.

"पेव न्या, सरदार! पण या वावरात एक घोडे घालाल तर कोयत्याशी गाठ आहे. धन्याच्या हातची शेवटची पेर आहे ती!"

सरदारांनी डोळे बारीक केले. "चौगुले, असे काय दडले आहे या वावरात?"

एक शब्द, आणि गाव बुडाले असते. म्हाळोजीने चिमाऊकडे पाहिले, पचकन थुंकला आणि म्हणाला,

"पाटलिणीचे नाक आहे, सरकार. कापा."

घोडी सुटली. उन्हे वर येईतो पहिली घोडी थरथरली, तोंडाला फेस आला, आणि मग रांगेने कोसळू लागली. उमगताच सरदारांनी म्हाळोजीला जागच्या जागी कापला. पण तोवर गढीवरून गोफणी सुटल्या होत्या, आणि पायउतार झालेला रिसाला वाट फुटेल तिकडे पळाला. चिमाऊने चौगुल्यासाठी टिपूस गाळले नाही. बियाणे वाटताना पहिले माप मात्र त्याच्या बायकोच्या पदरात घातले.

आता पेरायला बैल कुठले? ते पळत्या स्वारांनी कापून टाकले होते. मग चिमाऊने मागे राहिलेला सरदाराचा हत्तीच पाभरीला जुंपला, हस्ताच्या ओलीवर सारे शिवार पेरले, आणि ज्वारी अशी माजली म्हणता, की कणसे गढीच्या बुरुजाला...

"थांबा बापू," गोष्ट ऐकत कणसे खुडणाऱ्या गिरजाने विळा खाली ठेवला. "घोडी मेली, हत्ती जुंपला, सगळं मानलं. पण हत्तीच्या पावलाखाली रान दगड होतंय. त्यात पाभरीचा फण घुसला कसा?"