पडितातला मुक्काम

प्रेमलाला उघड्यावर झोपायची हौस मुळीच नव्हती. हौस होती ती तिच्या नवऱ्याला. मार्तंड देऊळगाव राजाला शास्त्र विषयाचा मास्तर होता, आणि दिवाळीची सुटी लागली की पाठीवर बोजा टाकून कुठल्या तरी नदीकाठी निघायचा. महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा दोन-तीन वर्षं झाली असतील. त्यांच्या लग्नालाही तेवढीच. त्या साली जालन्याच्या बाजारात त्याला लष्करातला जुना तंबू स्वस्तात मिळाला, त्यात खडकपूर्णेच्या पात्रात थंडीचे करकोचे उतरतात असं कोणीतरी त्याच्या कानावर घातलं. मग काय, तो घरात टिकेना. ‘एकदा तू चल तर खरी,’ तो म्हणाला, आणि प्रेमला गेली.

पहिली रात्र नदीच्या वाळूत काढली. काढली म्हणायची इतकंच. दिवस बुडाला तसे पाण्याच्या कडेने डास उठले, आणि ते मोजकेसे नव्हेत, धूर उठावा तसे. दोघांनी करंजीचं तेल चोपडलं, लिंबाचा पाला जाळला, प्रेमलाने पदर डोक्यावरून ओढून घेतला. डास पदरातून चावले. पहाटे चिलटं आली ती डोळ्यांच्या कडांना बसायला लागली. मार्तंडाचं रक्त तर त्यांना गोडच लागत असावं. तो बिचारा रात्रभर तंबूच्या आत-बाहेर करत होता, स्वतःला चापट्या मारत होता. सकाळी त्याच्या हातांवर बोट ठेवायला जागा नव्हती, आणि कोपराजवळ खाजवून खाजवून रक्त निघालं होतं. करकोचे आलेच नाहीत.

‘नदी सोडू. वर, वाऱ्यावर मुक्काम करू,’ तो म्हणाला.

वर सगळी शेतंच होती, तेव्हा कोणाला तरी विचारणं आलं. खळ्यावर ज्वारीच्या कणसांशेजारी शेतमालक शेषराव बसले होते. पन्नाशीचा, बोलका माणूस. मास्तर म्हटल्यावर उठून उभे राहिले. मार्तंडाने तंबूसाठी परवानगी मागितली तेव्हा त्यांना हसूच आलं.

‘परवानगी काय, मास्तर! खळ्यावर ठोका, आंब्याखाली ठोका. पन घरात बाज असून उघड्यावर काऊन निजता?’

‘हौस,’ मार्तंड म्हणाला. मग त्याने बांधापलीकडे बोट केलं. ‘आणि तिथं? ती जागा छान उंचावर आहे.’

कापणी झालेल्या ज्वारीच्या मधोमध एक चौकोन तसाच सोडलेला होता. गुडघाभर कुसळी गवत, एक झाड नाही, झुडूप नाही.

‘ते नाही,’ शेषराव म्हणाले.

‘का? दुसऱ्या कोणाचं आहे?’

‘कागदावर माहंच हाय. पडीत हाय ते.’ शेषरावांनी हातातलं कणीस उगाच फिरवलं. ‘पन तिथं कोनाले हो म्हनाचा हक मले नाही. तुमी आंब्याखाली ठोका.’

मार्तंडाने पुढे विचारलं नाही. तो तंबूच्या खुंट्यांत गुंतला होता.

दुपारी शेषरावांची बायको, तानुबाई, भाकरी आणि शेण्या घेऊन आली. प्रेमलाचे सुजलेले हात तिने आपल्या हातात घेऊन पाहिले.

‘लय चावून राह्यले ना?’

‘जीव नकोसा केलाय हो.’

‘चावू द्या, बाई. चावतात तवर बरं.’

खेड्यातल्या बायका काहीतरी समजुतीचं बोलतात, तसंच हे असेल असं प्रेमलाला वाटलं.

दिवेलागणीला पुन्हा तेच सुरू झालं. शेण्यांच्या धुराने डास जाईनात, डोळे मात्र चुरचुरायला लागले. मार्तंड अंथरुणावर पडायचा, उठायचा, मान खाजवायचा, पुन्हा पडायचा. शेवटी त्याने सतरंजी खांद्यावर टाकली आणि तंबूबाहेर पडला. प्रेमला कंदिलाची वात सारखी करत बसली. थोड्या वेळाने त्याची हाक आली. लांबून, पण फार प्रसन्न.

‘प्रेमला! अगं इकडे ये. इथं एकही डास नाही!’

हाक पडिताकडून आली होती. शेषरावांचं बोलणं तिला आठवलं, पण मान ओरबाडून आग आग होत होती आणि एकही डास नसलेली जागा म्हणजे त्या क्षणी तिला माहेरासारखी वाटली. ती बांध चढली.

बांध उतरताच कानाशी चाललेली गुणगुण थांबली. दार लावून घ्यावं तशी थांबली. मागच्या शेतात रातकिडे किरकिरत होते, तेही ऐकू येईनात. वारा होता, गवत हलत होतं, पण त्याचा आवाज नव्हता. आणि वास येत होता… बंद घरात कणगीमागे येतो तसा कुबट वास, आणि त्यात लिंबाच्या पाल्याचा जुना, विझलेला धूर. इथे तर कोणी पाला जाळला नव्हता.

मार्तंड सतरंजीवर उताणा पडला होता.

‘बस,’ तो म्हणाला. ‘किती दिवसांनी अंग शांत झालंय.’

ती त्याच्याशेजारी बसली. त्याचा हात हातात घेतला आणि दचकून सोडला. माठाला हात लागावा तसा तो गार होता. तिने पुन्हा चाचपून पाहिला. गांध्या गेल्या होत्या. कोपराजवळ जिथे सकाळी रक्त होतं तिथे पांढरी, गुळगुळीत कातडी होती.

‘अहो, उठा. आपण जाऊ.’

‘हळू बोल…’

‘का?’

‘निजलेत सगळे…’

पश्चिमेला अजून थोडा उजेड होता. त्या उजेडात तिने नीट पाहिलं. गवत सगळीकडे सारखं उभं नव्हतं. ठिकठिकाणी ते दबलेलं होतं. लांबट, माणूस आडवा मावेल असे खळगे, एकाशेजारी एक, ओळीने. मोठ्यांच्या मध्ये काही लहान होते. गुरं बसली असतील, तिने मनाला सांगितलं. तेवढ्यात तिच्या पावलांपाशी उभं असलेलं गवत हळूहळू वाकलं. झोपेत माणूस कूस बदलतो आणि मग निवांत होतो, तसं ते वाकलं, आणि तसंच राहिलं.

तिला ओरडायचं होतं, पण घशातून आवाज निघेना. तिने मार्तंडाला हलवलं, ओढलं. तो मंद हसला फक्त. ती बांधाकडे पळाली आणि पलीकडे पाय पडला तेव्हाच तिच्या तोंडून हाक फुटली.

शेषराव आणि तानुबाई कंदील घेऊन धावत आले. बांधापाशी मात्र दोघं थांबली.

‘चला ना!’ प्रेमला रडायला लागली. ‘ते उठत नाहीयेत…’

‘आमाले आत येता येत नाही, बाई,’ शेषराव खालच्या आवाजात म्हणाले. ‘माह्या आजाचा शब्द हाय. पिलेगच्या साली लोकं गाव सोडून रानात राहाले आले. कोनी जागा देईना. आजानं हे वावर देलं. म्हने, राहा इथंच, तुमाले कोनी उठवनार नाही. अन् मंग… त्यायच्यातलं कोनी उठलंच नाही.’

तानुबाईने प्रेमलाचा दंड धरला. ‘त्यायले आमी उठवू शकत नाही. पन मास्तर तुमचे हायेत. तुमी उठवा. धरा अन् ओढा, त्यायच्याशी बोलू नका. अन् निघतानी “जातो” म्हना. “येतो” म्हनू नका. समजलं का?’

जन्मात कधी प्रेमलाच्या तोंडून ‘जाते’ निघालं नव्हतं. उंबऱ्यावरून निघताना ‘येते’ म्हणायचं, ‘जाते’ म्हणणं अभद्र, हे वळण आईने लहानपणीच जिभेला लावलं होतं. तिने मान डोलावली आणि पुन्हा बांध उतरली.

खळगे आता सतरंजीच्या जवळ आले होते. पाय ठेवायला जागा शोधावी लागत होती, लग्नघरात निजलेल्या पाहुण्यांतून वाट काढतात तशी. तिने मार्तंडाच्या काखेत हात घातले आणि मागे मागे ओढायला लागली. तो फार जड होता. तिचा दम तुटला… आणि मध्येच तो हलका झाला. पायांकडून कोणी हात द्यावा, तसा. तिने तिकडे पाहिलं नाही.

बांधावर शेषरावांनी वाकून त्याला धरलं. प्रेमलाने पडिताकडे तोंड केलं.

‘जातो आम्ही,’ ती म्हणाली. आवाज कापत होता, पण म्हणाली.

काहीच झालं नाही. तिने श्वास सोडला. तेवढ्यात मार्तंडाने डोळे अर्धवट उघडले. शेषरावांच्या खांद्यावर भार टाकून तो उभा राहिला, मागे वळला आणि दारातून निघणाऱ्या भल्या पाहुण्यासारखे त्याने हात जोडले.

‘येतो हं आम्ही.’

गवतातून उत्तर आलं. एका गळ्यातून नव्हे. म्हाताऱ्या, बाईमाणसांच्या, पोरासोरांच्या, झोपेने जडावलेल्या गळ्यांतून.

‘या…’

तानुबाईने तोंडावर पदर दाबला. बांध उतरले तोच डास तुटून पडले. मार्तंड ‘अगं आई गं’ म्हणत मान खाजवायला लागला, आणि त्याच्या मनगटावर फुटलेल्या डासाचं रक्त पाहून प्रेमला हुंदके देऊन रडली.

रात्र शेषरावांच्या घरात गेली. मार्तंडाला सतरंजीवर पाठ टेकल्यानंतरचं काही आठवत नव्हतं. पडिताची हकिगत ऐकून तो एवढंच म्हणाला, ‘प्लेग पिसवा चावून होतो…’ आणि मग बराच वेळ स्वतःच्या हातांकडे पाहत बसला. शेषरावांनी हात जोडले. ‘मास्तर, उद्याच निघा. अन् या रस्त्यानं पुन्हा येऊ नका.’

सकाळी मार्तंड तंबू गुंडाळत होता, तेव्हा प्रेमला तानुबाईला घेऊन बांधापर्यंत गेली. का गेली, हे तिला सांगता आलं नसतं. आपण तिथून खरोखर सुटलो आहोत हे एकदा उजेडात बघावं, एवढंच बहुतेक.

पडितातलं गवत सगळं उभं होतं, दवाने ओलं. एकही खळगा दिसत नव्हता. फक्त अगदी अलीकडे, बांधाला लागून, गवत उपटून जमीन मोकळी केली होती. खडे वेचून कडेला ठेवले होते. जमीन शेणाने सारवली होती, आणि सारवण अजून ओलं होतं. त्यावर त्यांची सतरंजी नीट, कोपरे ओढून अंथरली होती.

‘हे तुम्ही…?’ प्रेमलाने विचारलं.

तानुबाईने नकारार्थी मान हलवली. तिचे ओठ पांढरे पडले होते.

सतरंजीवर उशाच्या जागी गवताच्या दोन पेंढ्या बांधून ठेवल्या होत्या, शेजारी शेजारी. आणि त्या दोन्हींच्या मध्ये, कोवळ्या पात्यांची, मूठभर, तिसरी.

प्रेमलाचा हात आपोआप पोटाशी गेला. ती गोष्ट तिने अजून मार्तंडालाही सांगितली नव्हती.