दोघांची एक सुट्टी

सुमंत पहिल्यांदा भेटला तेव्हा माझ्या अंगावर उप्पीट होतं आणि डोकं भडकलेलं होतं.

अंबूताईंनी वाटी भिरकावली होती. धारवाडच्या आमच्या वृद्धाश्रमात आल्या तेव्हा त्या फर्डं कन्नड बोलायच्या. विस्मरणाच्या आजारात त्या ते विसरल्या, उरली फक्त घरची मराठी. आणि सगळ्या स्टाफमध्ये मराठी येणारी मी एकटीच, अळणावरच्या मराठी घरातली! म्हणून आंघोळ मी घालायची, औषध मी द्यायचं, चापट्याही मीच खायच्या. सुट्टी मागितली की मेट्रन हेमावती अक्का म्हणायच्या, "कविता, तू गेलीस तर त्यांना कोण बघणार?"

"जरा प्रेमानं सांगा की," दारातून सुमंत, आमचा नवा नर्स, कन्नडमध्ये म्हणाला.

"या, तुम्हीच सांगा!" मी वाटी त्याच्या हातात कोंबली. पुढचा घास त्याच्या चष्म्यावर. मी हसले... कितीतरी दिवसांनी.

मग तो रोज एकेक वाक्य विचारू लागला.

"'रागावू नका' मराठीत कसं म्हणायचं?"

"कुणाला म्हणायचंय?"

"दोघींना," म्हणाला आणि कान लाल करून पळाला.

एका दुपारी अंबूताईंच्या खोलीतून त्याचा आवाज आला — "किती वेळा सांगू? गिळा आता गपचूप!"

मी आत घुसले. "म्हाताऱ्या माणसाशी असं बोलतात? कुणी शिकवलं?"

तो गोंधळला. "तुम्ही असंच म्हणता की ओ! मला वाटलं, 'जेवा'च म्हणता."

अंबूताई भेदरून भिंतीला चिकटल्या होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अहो, माझा जीव होता त्यांच्यावर! राबवून राबवून माझी ही गत केली होती या लोकांनी. मी तरातरा मेट्रनच्या खोलीत गेले.

"अक्का, आठवड्याला सुट्टी द्या, नाहीतर आज निघाले!"

"आणि अंबूताई?"

"मी बघतो," मागून आलेला सुमंत म्हणाला. "मराठी येते मला. थोडी चुकीची शिकलोय... सुधारतो."

अक्कांनी सुस्कारा सोडला. "बरं. रविवार तुझा, सोमवार त्याचा."

व्हरांड्यात तो म्हणाला, "मिळाली की सुट्टी! आता तरी हसा."

"काय डोंबल हसू?" मी ओरडलेच. "माझी सुट्टी तेव्हा तुमची ड्यूटी, तुमची सुट्टी तेव्हा माझी! मग तुमच्याबरोबर फिरायला मी जाणार कधी?"

जीभ चावून उपयोग नव्हता.

सुमंत वळला आणि परत मेट्रनच्या खोलीत शिरला.

"अक्का, तुम्ही मराठी शिकणार का?"