हाताने लिहिलेली ओळ

राउटरचा पंखा बदलायचा होता की बॅटरी, हे आता मला नक्की आठवत नाही. सांगता सांगता मी पदरचं घालतो की काय, अशी माझी मलाच धास्ती असते. रात्र मात्र पक्की आहे. दोन नोव्हेंबर, मृतांचा दिवस. ती पक्की का, ते शेवटी सांगतो. पेले खाली ठेवा.

माझ्या ओळखीचा क्रिसांतो म्हणून एक होता. लेते बेटाच्या किनाऱ्यावर, आपल्याच गावात, एका घराच्या वरच्या मजल्यावर इंटरनेट कंपनी होती, तिथे कामाला. त्या रात्री सगळं गाव मेणबत्त्या घेऊन दफनभूमीत बसलेलं. क्रिसांतोने मुद्दाम राउटरचं काम मागून घेतलं. दफनभूमीत इल्देची कबर होती, जेमतेम तीन महिन्यांची.

इल्दे डोंगरावरच्या टॉवरचा राखणदार. समोरच्या बेटाकडे दोन वाटा जायच्या: एक डोंगरावरून, एक समुद्राखालच्या तारेतून. राउटर म्हणजे निरोपांना वाट दाखवणारं यंत्र; त्याच्या पोटात वाटांची यादी असते. शेजारची यंत्रं दर दहा सेकंदांनी एकमेकांना हाक देतात. चाळीस सेकंद हाक आली नाही, की शेजारी मेला असं धरून यादी ती वाट खोडते, दुसरी धरते. पण माणसाने हाताने ओळ लिहिली, तर यंत्र ती मुकाट पाळतं. वाट मेली तरी.

आदल्या वर्षी, जत्रेच्या आदल्या संध्याकाळी हाका अडखळत होत्या. कारण शोधायचं तर जत्रा बुडाली असती. क्रिसांतोने हाताने ओळ लिहिली: बेटाचं सगळं डोंगरावरून. पुढे शेरा: ‘तात्पुरती. उद्या खोडतो.’

इल्दे मागे उभा होता. धाकट्यांना तो दोंग म्हणायचा, आणि धाकटे त्याला नोय, म्हणजे दादा.

“उद्या कधी, दोंग? तुझा उद्या आणि माझं माडी पिणं सोडणं, दोन्ही सारखीच!”

“तू तुझा जनरेटर बघ, नोय. झोपू नकोस म्हणजे झालं.”

तो उद्या आलाच नाही.

फेब्रुवारीतल्या वादळाने डोंगरावरची बेटाकडची डिश पाडली. समुद्राखालची तार धडधाकट होती. पण ओळ होती ना! बेटावरची नर्स अडलेल्या बाळंतिणीसाठी बोट मागत राहिली, आणि तिच्या यंत्राला इकडून गेलेलं प्रत्येक उत्तर डोंगरावर जाऊन नाहीसं झालं; उत्तर मिळाल्याशिवाय यंत्र निरोप पुढे सोडत नाही. शेवटी एक कोळी होडी वल्हवत आला, तेव्हा बोट निघाली. बाळ गेलं होतं.

क्रिसांतोने पहाटेच ओळ खोडली. गुपचूप.

कंपनीचे मालक म्हणाले, “इल्दे झोपला असणार. जनरेटर लावलाच नसेल.”

क्रिसांतो आपल्या चपलांकडे बघत राहिला. उद्या सांगू, असं मनाशी म्हणाला. इल्देला कामावरून काढलं, टॉवर उतरवला. पोरंसोरं इल्देला ‘झोपाळू’ म्हणून हाका मारायची. ऑगस्टमध्ये तो गेला.

तर ती रात्र. एक चाळीस. काम झालं होतं. सवयीने क्रिसांतोने यादी उघडली.

शेजारी: डोंगर. जिवंत.

टॉवर नव्हताच. कापलेली तार भिंतीवर लोंबत होती.

दहा सेकंद… हाक.

दहा सेकंद… हाक.

मग ओळ आली. बेटाचं सगळं डोंगरावरून. पुढे शेरा.

‘उद्या कधी, दोंग?’

त्याने ओळ पुसली. परत आली. पुसली. परत…

उत्तर त्याला माहीत होतं: ओळ कोणाची, ते आत्ताच कबूल करायचं. ‘मीच’, एवढं त्याने टाइप केलं. बोटं थांबली. सकाळी मालक वाचतील…

‘मीच’ पुसलं. प्लग ओढला. अंधारात चाळीस मोजले.

सकाळी यादी स्वच्छ. तो बोलला नाही. त्या उद्याही नाही.

सात वर्षांनी, खात्री करायला म्हणून, मी इल्देच्या बायकोकडे गेलो. “कॉफी घेशील ना, दोंग?” म्हणाली, आणि पेटीचं कुलूप काढून जनरेटरची वही पुढ्यात ठेवली. फेब्रुवारीतली ती रात्र: ‘१.४०. जनरेटर चालू. पलीकडून उत्तर नाही. दोंगला उद्या विचारतो.’

पुढची पानं कोरी. शेवटच्या पानावर तेच तिरकं अक्षर, तीच निळी पेन्सिल. कबरीवरची ऑगस्टची तारीख मी परत जाऊन वाचून आलो. पानावर होतं:

‘२ नोव्हेंबर, १.४०. दोंगला विचारलं. उत्तर नाही.’