मोकळ्या केसांच्या सहाजणी

शंखगिरीच्या माथ्यावर उजाडले तेव्हा अभिषेकमंडपात सहा स्त्रिया उभ्या होत्या, सहाही दगडाच्या. तिघींचा भार उजव्या पायावर, तिघींचा डाव्या. प्रत्येकीच्या वस्त्राला समोरून अकरा निऱ्या, यवनांच्या खांबांवरील पन्हळींसारख्या खोल आणि सरळ. डोक्यावर टोपलीच्या घाटाची उशी, आणि त्या सहा उशांवर सारे दगडी छत. पाठीवर मोकळे सोडलेले जाड केस मात्र दोघींचेच उरले होते.

चार महिने खाणीवर राहून पहाटेच परतलेला यवन शिल्पी एवांदर उरलेल्या चौघींच्या मानांवरून हात फिरवीत गेला. छिन्नीचे घाव ताजे होते. निमुळत्या मानेला छत पेलत नाही, म्हणून त्याच्या देशात मानेमागे केसांचा दाट झोत कोरतात. पाहणाराला तो शृंगार वाटतो, भार तोच वाहतो.

"अभिषेकाला मोकळे केस अशुभ," मागून अमात्य रुद्रघोषाचा आवाज आला. "पुरोहित कुरकुरले, आम्ही कापविले."

"अशुभ, तर सहाहीजणींचे कापायचे होते. या चौघी तेवढ्या देवींच्या आसनाभोवतीच्या आहेत."

दिवंगत राजाचा हा चुलतभाऊ. आज अभिषेक होऊन गादीवर बसणाऱ्या देवी खेमावतींच्या मागे गादी त्याचीच होती. तो हसला. "डोळे तीक्ष्ण आहेत तुझे. शंख झाला की वीस नगारची छतावर चढतील. छत तुझे, दोषही तुझा. सुळावर तूच जाशील. खाली खाडीत गलबत उभे आहे. जा."

एवांदर गेला नाही. देवी खेमावतींची पालखी येताच तो मंडपाच्या पायरीवर आडवा झाला आणि पाहिले ते सारे बोलला.

"यवना, पुरावा?"

"देवी, नगारचींऐवजी वाळूच्या गोण्या चढवा. बुरुजावरून दोरांनी सोडा, छतावर माणूस नको."

"याच्या बायका एवढ्या नाजूक?" रुद्रघोष म्हणाला.

"नाजूक नव्हत्या, अमात्य. तुम्ही केल्यात."

देवींनी दोघांकडे पाहिले. "अमात्य, छत भक्कम आहे म्हणता ना? मग आमच्या आसनावर आपण विराजमान व्हा."

"आणि याने काही कपट केले असेल तर?"

"मी शेजारी बसतो," एवांदर म्हणाला, आणि बसलाही.

गोण्या उतरू लागल्या. पाचवीपर्यंत रुद्रघोष मिशीला पीळ देत होता. सातवीला छतातून चुन्याची भुकटी त्याच्या मांडीवर पडली. त्याने ती झटकली नाही. एवांदर समोरच्या मानेवर नजर रोवून होता. नववी गोणी टेकली आणि तिथे केसाएवढी रेघ उमटली.

"थांबा!" रुद्रघोष किंचाळत बाहेर धावला. "तुटेल! चौघी एकदम तुटतील!"

"छत भक्कम होते ना? रेघ तर एकीच्याच मानेवर आहे. चौघी तुटतील, हे आपल्याला कोणी सांगितले, अमात्य?" देवींनी विचारले. भालाइतांनी त्याला वेढले.

बुरुजावरच्यांच्या हातून दहावी गोणी सुटली होती. एवांदर उठला, पण छत त्याच्याआधी खाली आले.

त्याला बाहेर काढले तेव्हा तो जिवंत होता. उजवा हात कोपरापासून गेला होता. रुद्रघोषाला तिसऱ्या दिवशी कड्यावरून लोटले. त्याआधी चौकशीसाठी देवींनी वजने करविली होती. दहा गोण्या: एकोणीस मण. वीस नगारची, नगाऱ्यांसह: एकेचाळीस मण.