पट पंचवीस

सोमवार, नऊ डिसेंबर एकोणीसशे अठरा रोजी शाळा पुन्हा उघडायची असं ठरलं, तेव्हा रखमाजी घारे मास्तरांनी सगळ्यांत आधी चुना कालवला.

शाळा लोकल बोर्डाची. कामशेत स्टेशनापासून दोनेक कोस, बेडशाच्या लेण्यांकडे जाणाऱ्या वाटेवर. एक खोली, पुढे पडवी, मागे गावाचं खळं. त्या साली पाऊस ऐन वेळी उघडला, भात पोचट राहिलं आणि खळ्यावर झोडायला फारसं काही आलंच नाही. मास्तरांनी शाळा खोलीत न भरवता खळ्यावर भरवायचं ठरवलं. मानमोडीच्या साथीचा ताप कोंदट जागेत पसरतो, हे त्यांनी पुण्याच्या वर्तमानपत्रात वाचलं होतं. त्याचं कात्रण त्यांच्या कोटाच्या खिशात होतं.

त्यांनी सुतळीनं मापून, तीन-तीन हातांवर, चुन्याच्या फुल्या काढल्या. एका फुलीवर एक मूल, आपापल्या गोणपाटावर. पाण्याची लोटी घरून आणायची. नाकातोंडावर धुवट धोतराचं दुहेरी फडकं बांधायचं, ते घरी जाईपर्यंत सोडायचं नाही आणि संध्याकाळी आईनं उकळून वाळत टाकायचं. ताप असेल त्यानं घरी राहायचं. पाट्या तपासायला मास्तर जवळ येणार नाहीत. पाटी जागेवरूनच उंच धरायची. शाळा सुटतानाही झुंबड नको. मास्तर एकेक नाव घेतील, तसं एकेकानं उठायचं.

त्यांनी हे सगळं चावडीवर वाचून दाखवलं.

“मास्तर,” दत्तोबा म्हातारा म्हणाला, “मळणीला बैलांस्नी मुसकी घालत्यात. तुमी पोरांस्नी घातली. भात खात्यात व्हय ती?”

“खोकतात. बैल खोकत नाहीत.”

“बैल शाळंतबी जात न्हाईत. म्हून समदं जगलं.”

कोणी हसलं नाही. सप्टेंबरच्या अखेरीस शाळा बंद झाली, तेव्हा पट बेचाळीस होता. त्यानंतरच्या सात आठवड्यांत गावात असं घर उरलं नव्हतं, जिथून तिरडी निघाली नाही. मास्तरांनी हजेरीचा कॅटलॉग काढून तांबड्या शाईनं सतरा नावं खोडली. पहिलं खोडलं ते सोपानचं, त्यांच्या स्वतःच्या थोरल्या मुलाचं. ते खोडलं की पुढची खोडायला हात चालेल, असा त्यांचा हिशेब होता, आणि तो बरोबर ठरला. आता घरी एकच मूल होतं, दहा वर्षांची मुक्ता.

बेचाळिसांतून सतरा गेले, पंचवीस राहिले. बोर्डाचं पत्र आलं होतं, त्यातही तोच आकडा होता. वीस तारखेला शाळाखात्याचे तपासनीस, दिपोटी, तपासणीला येतील. त्या दिवशी पंचविसांपेक्षा कमी मुलं समोर दिसली, तर शाळा बंद करून मुलांची सोय पवना नदीपलीकडच्या शाळेत करावी. पवनेपलीकडे म्हणजे पावसाचे चार महिने शाळा नाहीच, आणि उरलेल्या आठांत मुलं जाणार नाहीत. ही शाळा मिळायला गावाला नऊ वर्षं अर्ज करावे लागले होते. आता माणसंच उरली नाहीत, तर अर्ज कोण करणार?

पंचवीस हा आकडा बरोब्बर होता. मास्तरांना दोन दिवस बरी झोप लागली.

शनिवारी ठाकरवाडीची बायडाबाई, कोंडूची आई, आली. पडवीच्या खाली उभी राहिली.

“मास्तर, कोंडूची पाटी हितंच हाय का?”

“फडताळात आहे. सोमवारी शाळा उघडतेय, पाठव त्याला.”

“त्यो न्हाई यायचा. दिवाळीच्या आदी गेला.”

 मास्तर म्हणाले, “पाटलाकडे नोंद केली का?”

“कशाला? आमचा त्यो. वर करवंदीच्या जाळीपाशी पुरला.”

“पाटी घेऊन जा.”

“ऱ्हाऊ द्या. घरी कोन लिवतंय?”

ती गेल्यावर मास्तरांनी तांबडी शाई काढली. टाक बुडवला. कोंडूच्या नावावर धरला आणि परत ठेवला. पाटलाच्या वहीत कोंडू मेला नव्हता. वीस तारखेपर्यंत तो कॅटलॉगमध्ये राहिला, तर कोणाचं काही बिघडणार नव्हतं. दिपोटींसाठी त्या दिवशी ठाकरवाडीचं दुसरं एखादं पोर फडकं बांधून बसवता आलं असतं. फडक्याआडून चेहरे सारखेच दिसतात.

नऊ तारखेला चोवीस मुलं आली. मागच्या रांगेत, खळ्याच्या दगडी गडग्यालगतची पंचविसावी फुली रिकामी राहिली. मास्तर हजेरी घेताना कोंडूचं नाव गाळत आणि त्याच्यापुढे हजेरीची खूण करत. सोमवारी तसं केलं, मंगळवारीही केलं. मुलं शहाण्यासारखी बसत होती. शेजारच्याशी बोलायचं तर ओरडावं लागे, म्हणून बोलतच नसत. खळ्यावर इतकी शांतता कधी नसायची. कामशेतच्या गाडीची शिटी ऐकू येई.

बुधवारी मास्तरांची चूक झाली. अकरा वर्षांची सवय. नावं एका सुरात तोंडातून जात होती आणि त्या सुरात कोंडूचंही गेलं.

“हजर.”

आवाज मागून आला. फडक्यातून आलेला, दबका.

मास्तरांनी वर पाहिलं. गडग्यालगतच्या फुलीवर एक मूल बसलं होतं. अंगावर घोंगडी, तोंडाला फडकं. त्यांनी बोटानं हवेत मोजलं. पंचवीस झाले. पुन्हा मोजलं, पंचवीसच. कोणी जागा बदलली असेल, तर दुसरी एखादी फुली रिकामी हवी होती. ती नव्हती.

ठाकरवाडीहून कोणी धाकटं पोर येऊन बसलं असेल, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. जवळ जाऊन पाहायला हवं होतं. पण तीन हातांच्या आत जायचं नाही हा नियम त्यांचाच होता, आणि तेवीस जोडी डोळे, शिवाय मुक्ताचे, त्यांच्याकडे लागले होते. त्यांनी वजाबाकी घातली. पाट्या वर झाल्या. मागची पाटीही वर झाली, उत्तर बरोबर. कोपऱ्यावर फुटलेली पाटी. दुपारी मास्तरांनी फडताळ उघडलं. कोंडूच्या पाटीची जागा मोकळी होती, आणि तिथली धूळ चौकोनी पुसली गेली होती.

त्यानंतर ते रोज ते नाव घेऊ लागले. नाव घेतलं की उत्तर येई.

शुक्रवारी हौशीराम आला नाही. “ताप आलाय, मास्तर,” कोणीतरी ओरडून सांगितलं. दुसऱ्या रांगेतली फुली शुक्रवारी, शनिवारी रिकामी होती. सोमवारी हौशीराम जागेवर होता. मास्तरांना बरं वाटलं. योजना चालली, वेळेवर घरी ठेवलं म्हणून पोर वाचलं, असं त्यांच्या मनात आलं.

मधल्या सुट्टीत त्याचा बाप भिमाजी आला. गडग्याबाहेर, खळ्याकडे पाठ करून उभा राहिला.

“मास्तर, हौशीरामाचं नाव काढा.”

“का?”

“काल गेला. सकाळी.”

मास्तरांनी भिमाजीच्या खांद्यावरून पाहिलं. दुसऱ्या रांगेत हौशीराम गोणपाटावर बसला होता. लोटी पुढ्यात होती. बाकीची मुलं फडकी वर सरकवून पाणी पीत होती. तो पीत नव्हता.

“भिमाजी, जरा इकडे वळ.”

“नगं. पोरांकडं बघवत न्हाई, मास्तर.” आणि तो गेला.

त्या दिवशी मास्तरांना खळ्याचा नियम कळला. तो त्यांनी केलेला नव्हता. आजारी मूल गैरहजर असे. गेलेलं गैरहजर नसे. नंदा दोन दिवस आली नाही. गुरुवारी आली, आणि तिचा चुलता तिसऱ्या प्रहरी निरोप घेऊन आला. रिकामी फुली दिसली की मास्तर मनात म्हणत, रिकामीच राहू दे. ती भरली की त्यांना कोणी येऊन काही सांगायची गरज उरत नसे.

नावं खोडली असती, तर ती यायची थांबली असती. याबद्दल त्यांना शंका नव्हती. सोपानचं नाव त्यांनी सगळ्यांत आधी खोडलं होतं, आणि सोपान कधीच आला नाही.

गुरुवारीच, शाळा सुटायच्या सुमाराला, बायडाबाई गडग्यापाशी येऊन बसली. बराच वेळ मागच्या रांगेकडे बघत होती.

“नाव काढू नका, मास्तर.”

“बायडाबाई, हे बरं नाही. दुसरी पोरंही जातायत.”

“ती तशीबी जात्यात. तुमच्या फुल्यांनी कुटं थांबली?” तिनं डोळ्याला पदर लावला नाही. “घरी येत न्हाई त्यो. हितं तरी येतोय.”

उद्या, मास्तर म्हणाले. उद्या दिपोटी येऊन जाऊ देत. मग बघू.

वीस तारखेला पहाटे मुक्ताचं कपाळ तापलेलं होतं. फार नाही. तिच्या आईनं, विठाबाईनं, तिच्या अंगावर दुसरी वाकळ घातली.

“आज न्हाई पाठवत मी हिला,” ती म्हणाली.

“नकोच पाठवू.”

“दिपोटी यायचं हायेत न्हवं?”

“येऊ देत.”

मुक्ता वाकळेतून म्हणाली, “आबा, मी न्हाई आले तर येक कमी पडंल.”

“पडू दे. तू निजून राहा. उठायचं नाही.”

“शाळा बंद व्हईल.”

“होऊ दे म्हटलं ना.”

वाटेवर दंव पडलेलं होतं. शाळा जाणार हे मास्तरांनी मान्य केलं होतं. नऊ वर्षांचे अर्ज, सुतळी, चुना, कात्रण, सगळं गेलं तरी चालेल. आज चोवीस भरतील. एक फुली रिकामी राहील, आणि ती रिकामी आहे तोवर मुक्ता घरी वाकळेत आहे. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना गैरहजेरी हवी होती.

दिपोटी साडेदहाला तट्टावरून आले. फुल्या बघून खूष झाले. “वा, घारे. पुण्यातसुद्धा कुणाला सुचलं नाही हे.” ते खुर्चीवर बसले. “घ्या हजेरी. मी ऐकतो.”

मास्तरांनी कॅटलॉग उघडला. पहिल्या रांगेत, डावीकडून चौथी फुली मुक्ताची. ती रिकामी होती. तेवढं पाहून त्यांनी नावं घ्यायला सुरुवात केली.

हौशीराम. हजर.

कोंडू. हजर.

नंदा. हजर.

शेवटचं नाव मुक्ताचं होतं. ते गाळता आलं असतं. पण दिपोटींचं बोट कॅटलॉगच्या दुसऱ्या प्रतीवर नावानावाला सरकत होतं.

“मुक्ता रखमाजी.”

खळ्यावर काही हललं नाही.

दिपोटींनी पेन्सिल उचलली. मास्तरांनी श्वास सोडला.

“हजर, आबा.”

मास्तरांनी वर पाहिलं नाही. कॅटलॉगमधल्या तिच्या नावाकडे पाहत राहिले. अक्षर त्यांचंच होतं.

“शाळेत आबा म्हणायचं नाही, बाळ,” दिपोटी हसून म्हणाले. “मास्तर म्हणायचं.” मग ते उभे राहिले आणि पेन्सिलीनं मुलं मोजू लागले. एका रांगेनंतर दुसरी, मग मागची.

“पंचवीस,” ते म्हणाले. “बरोब्बर पंचवीस.”

त्यांनी शेरेबुकात लिहिलं: पट पूर्ण, हजेरी पूर्ण, शिस्त उत्तम, शाळा चालू ठेवावी. मास्तरांनी खाली सही केली. दिपोटी तट्टावर बसले, आणि वळणापर्यंत मास्तर त्यांना पोचवून आले, कारण तशी पद्धत होती.

परत आले, तेव्हा मुलं तशीच बसली होती.

त्यांनी शाळा सोडायला सुरुवात केली. एकेक नाव घेतलं. एकेक मूल उठलं, गोणपाट गुंडाळलं, लोटी उचलली आणि वाटेला लागलं.

एकवीस नावं झाली.

पुढची चार त्यांनी घेतली नाहीत.

चार फुल्यांवर चार मुलं बसून राहिली. मास्तरांच्या घराकडच्या बांधावरून भिमाजी पळत येत होता. त्याचा एक हात वर होता आणि तो काहीतरी ओरडत होता. मास्तरांनी तिकडे पाहिलं नाही. ते पहिल्या रांगेकडे गेले, तीन हातांच्या आत, आणि मुक्तासमोर उकिडवे बसले.

तिनं त्यांच्याकडे पाहिलं. डोळे तिचेच होते.

घरी परतलेल्या एकवीस मुलांची फडकी, श्वास लागून, तोंडापाशी ओली झाली होती. मुक्ताचं फडकं कोरडं होतं. विठाबाईनं घातलेली घडी त्यावर तशीच कडक होती.