वाढलं वजा उरलं

टुक.

दुपारच्या शांततेत तेवढाच आवाज झाला. सासूबाई बाहेरच्या खोलीत आडव्या झाल्या होत्या, सहा वर्षांची रुंजी गॅलरीत चित्र रंगवत बसली होती, आणि ईश्वरी ओट्याशी उभी राहून रुंजीच्या ताटातला शेवटचा घास तोंडात टाकत होती. पाऊण पोळी, भेंडीची भाजी, कालवून गार झालेला वरणभात. रोजच्यासारखं सगळं उभ्या उभ्या संपलं आणि ताट रिकामं झाल्याची वर्दी ताटानेच दिली. काठावरचा हिरवा दिवा तांबडा झाला.

हे तोलताट. घरात बारा वर्षांखालचं मूल असेल तर ते सरकारकडून यायचं, मुलाचं नाव घालून. दिसायला साधं स्टीलचंच, पण बुडाशी पातळ वजनकाटा आणि काठात मसुराएवढा डोळा. अन्नावरून परतलेल्या प्रकाशावरून तो डोळा त्यात तूप किती, साखर किती ते ओळखायचा. किती वाढलं ते ताट टिपायचं, शेवटी किती उरलं ते टिपायचं, आणि मधली वजाबाकी आरोग्यकेंद्रात जायची. वाढलं वजा उरलं, म्हणजे खाल्लं. ते वयाच्या मापाबाहेर गेलं की दिवा तांबडा.

मिरजेत ही ताटं आली तेव्हा ईश्वरीला बरंच वाटलं होतं. सासूबाईंना मात्र पटलं नव्हतं.

“आता पोरांचे घासपण सरकार मोजणार का?”

“मोजू देत की. माझ्या बाबांचे कुणी मोजले असते तर पाय राहिला असता त्यांचा.”

“तुझ्या बाबांना ताट नको होतं. समोर बसून जिलब्या वाढणाऱ्या तुझ्या आईला कुणीतरी आवरायला हवं होतं.”

अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मधुमेहाने बाबांचा पाय घोट्यापासून काढला, त्या आठवड्यातही आईने डब्यात लाडू दिले होते. प्रेमाने दिले होते, हेच तर अवघड होतं.

मग तीन महिन्यांपूर्वी रुंजीचा दिवा रोज तांबडा व्हायला लागला. आरोग्यसेविका मुलाणीताई घरी आल्या. वजन तर वयाला बरोबर आहे, असं ईश्वरीने म्हणून पाहिलं.

“आत्ता आहे हो. पण आधी वजन वाढायचं नि मग आपण धावायचं, ते दिवस गेले. आकडे बघा, हिच्या वयाला हवं त्याच्या दीडपट खाणं आहे. असंच चाललं तर दहाव्या वर्षापर्यंत काय होईल ते यंत्र आजच सांगतंय.” त्यांनी पिशवीतून एक छोटी बाटली काढली. “तृप्तिथेंब. पोट भरलं की आतडं मेंदूला निरोप धाडतं, बास म्हणून. थेंबांनी तो निरोप लवकर निघतो. हळूहळू मेंदूला सवय होते. सक्ती नाही हं, सही तुमची. उद्या नको वाटलं तर नको.”

सही करताना ईश्वरीला बाबांची कुबडी आठवली होती.

दोन थेंब सुरू झाले. पंधरा दिवसांत रुंजी अर्धं ताट टाकायला लागली. औषध लागू पडतंय म्हणून ईश्वरी खूश. दिवा मात्र तांबडाच. शाळेत डब्यांची अदलाबदल करत असेल कार्टी, असं तिने ठरवून टाकलं. केंद्राचा निरोप आला, मात्रा तीन थेंब. मग पाच. आता रुंजी चार घासांत उठायची. पूर्वी शाळेतून येतानाच जिन्यातून ओरडायची, “आई, पोटात कावळे! आज चार आहेत!” खूप भूक असली की सात कावळे असायचे. गेल्या महिन्यात एकही आला नव्हता.

दार लोटलेलंच होतं. “रुंजीचं जेवण झालं वाटतं?” म्हणत मुलाणीताई थेट स्वयंपाकघरात आल्या. “ताटाचा आवाज आला जिन्यात.”

“मघाशीच झालं. अर्धा तास झाला असेल,” ईश्वरी तोंडातला घास गिळत म्हणाली.

“मग हे आत्ता काय वाजलं?”

ईश्वरीने हातातल्या ताटाकडे पाहिलं. बोटांना वरण लागलेलं होतं.

“ते... तिचं उरलेलं. टाकवत नाही हो.”

“रोज?”

“रोजच. पण ते काय जेवण असतं का?”

ते तिच्या तोंडून सहज गेलं, आणि मग तिला ते ऐकू आलं. आईने ओट्याशी उभं राहून खाल्लेल्याला कुणी जेवण म्हणत नाही. तीही म्हणत नव्हती. तीन महिन्यांत कुर्ते दंडाला रुतायला लागले होते, तर आपण नीट जेवत नाही म्हणून वारा धरून अंग सुजलं असेल, असं ती सांगत फिरत होती. रुंजी जितकं टाकत होती, तितकं ती निपटत होती. ती निपटत होती म्हणून ताट रिकामं होतं. ताट रिकामं होतं म्हणून थेंब वाढत होते.

मुलाणीताई स्टुलावर बसल्या. थेंबांची आणलेली नवी बाटली त्यांनी पिशवीतून काढलीच नाही.

“मीपण खाते,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “आमच्या अर्शदचं. माझ्या यादीत एकेचाळीस घरं तांबडी आहेत, ईश्वरीताई. किती ओट्यांवर हे चाललं असेल?”

“पण ताट करणाऱ्यांना हे कळू नये?”

“ज्यांनी केलं, त्यांनी कधी पोराच्या मागून ताट उचललं नसेल.” त्यांनी फोनवर तक्रारीचा फॉर्म उघडला आणि थांबल्या. “इथं दोनच रकाने आहेत. यंत्राची चूक, नाहीतर पालकांची चूक. काय लिहू?”

“जेवण झाल्यावर ताट तसंच ठेवा, हे सांगितलं होतं का तुम्ही?”

“पत्रकात होतं. बाराव्या पानावर.”

“मी चौथ्या पानापर्यंत वाचलं होतं. मग ही उठली झोपेतून.”

“मीपण तेवढंच वाचलं होतं,” मुलाणीताई म्हणाल्या. दोघींना हसू आलं आणि लगेच विरलंही.

“ते राहू दे. थेंब आज बंद केले तर तिची भूक परत येईल ना?”

“मोठ्यांची येते. दोनेक महिन्यांत.”

“आणि लहानांची?”

“लहानांना गरज नसताना पाच थेंब कुणी दिलेच नव्हते, ताई. विचारते मी. आजच विचारते.” त्या उठल्या. “फॉर्मचं सांगा तेवढं.”

“दोन्ही रकाने भरा.”

“दोन्ही घेत नाही तो.”

“मग तसाच रिकामा पाठवा. येऊ दे कुणालातरी विचारायला.”

मुलाणीताई गेल्या. ईश्वरीने तोलताट घासून फळीवर उपडं ठेवलं. मग मऊ पोळी करून तिच्यावर तूप आणि गूळ घातला, रुंजीला आवडते तशी गुंडाळली, आणि सासूबाईंच्या जुन्या स्टीलच्या ताटलीत ठेवून हाक मारली. ताटली कशी धरावी तेच तिला कळेना. वाढायचं ते लेकीच्या भुकेला की स्वतःच्या जिवाला, याचा अंदाज हाताला राहिला नव्हता.

रुंजी रंगलेल्या हातांनी आली. तिने ताटली फिरवून पाहिली. “याला दिवा नाही.”

“नको आज दिवा. भूक असेल तेवढंच खा. नसेल तर राहू दे. मी नाही खाणार ते.”

“नक्की?”

“नक्की.”

रुंजीने पोळीकडे पाहिलं, मग आपल्या पोटाकडे. फ्रॉक वर करून तिने आईचं डोकं दोन्ही हातांनी धरलं आणि तिचा कान आपल्या पोटाला लावला.

“आई, तूच ऐकून सांग ना, मला भूक लागलीय का?”