गाणारीच्या रकान्यातलं नाव

स्त्रातिसची आई गेल्याच्या चाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेसाठी शेजारच्या पूलियामावशी उकडलेल्या गव्हात डाळिंबाचे दाणे कालवत होत्या. स्त्रातिस आतल्या खोलीत आईचे विलाप कॉम्प्युटरवर लावून ठेवत होता. ग्रीसमधल्या मानीच्या त्या दगडी गावात कुणीही गेलं, की मयतावर गायला त्याच्या आईला, कानेलाबाईंनाच बोलावणं यायचं. लेकानं ते सगळं फोनवर टिपून ठेवलं होतं. प्रत्येक फाइलच्या माहितीत, शीर्षकात गेलेल्या माणसाचं नाव आणि गाणारी म्हणून आईचं.

साऱ्या गावासाठी रडलेली ही बाई स्वतः मात्र मुक्यानंच मातीत गेली. माझ्यावर माझी लेकच गाईल, दुसरं कुणी नको, असं तिनं बजावलं होतं. आणि लेक गारुफालिया, घराच्या वाटणीवरून भांडून मेलबर्नला गेलेली, आलीच नाही. स्त्रातिसला ते फार लागलं होतं.

त्यानं शेवटची फाइल उघडली. शीर्षक: कानेला. गाणारी: गारुफालिया.

तो वैतागला. कधी कधी फाइलला माहितीच्या दोन चिठ्ठ्या चिकटलेल्या असतात, एक पुढे, एक मागे, आणि सॉफ्टवेअर नेमकी जुनी वाचत बसतं. त्यानं दोन्ही पुसल्या. फाइल पुन्हा उघडली. नावं तीच.

मग त्यानं ती लावली. आवाज आईचाच होता, ओळीच्या टोकाला चिरकणारा... पण हे शब्द त्यानं कधीच ऐकले नव्हते. त्यानं बहिणीला फोन लावला आणि काही न बोलता तो स्पीकरजवळ धरला.



"हे मी गायलं होतं," ती हळूच म्हणाली. "आईला पुरलंत त्या दिवशी, इथं स्वयंपाकघरात, दार लावून. कुणी ऐकलं नाही रे... आणि आवाज तिचा कसा?"

स्त्रातिसचा सगळा राग तिथंच गळून पडला. त्याला रडू आलं.

"पण मी अर्ध्यात थांबले होते," ती म्हणाली. "मला पुढचं गाववेना."

गाणं थांबलं नव्हतं. आई पुढचं गात होती.

"बंद कर, स्त्रातिस... मी येते. उन्हाळ्यात येते, नक्की."

त्यानं गाणं बंद केलं आणि त्याची नजर पडद्यावर गेली. नावांची अदलाबदल झाली होती. गाणारी: कानेला. शीर्षक: गारुफालिया.

"उन्हाळ्यापर्यंत थांबू नकोस, ताई," तो म्हणाला. "आत्ताच नीघ."

का, असं ती विचारत राहिली. तो शीर्षकातलं तिचं नाव पुसत होता, आणि ते परत उमटत होतं.